अस्वलमिठी, मगरमिठी आणि आण्णांची कव

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, विषय जरा विचित्र आहे, पण पंधरा दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून धागाच काढतो.

दिवाळीला पुण्याहून कोल्हापूरला गेलो होतो. घर शिवाजी पेठेत. गाडी नीट थांबायच्या आत माझी नऊ वर्षांची लेक उतरली आणि धावत जाऊन आण्णांना (माझे वडील, वय ६९) कमरेला घट्ट बिलगली. हे तिचं पुण्याच्या शाळेतलं शिक्षण. तिथे पोरं सकाळी भेटली की मिठी, घरी जाताना मिठी, कुणी खोडरबर दिला तरी मिठी. आमच्या घरची रीत म्हणजे आम्ही पाया पडतो, आण्णा डोक्यावर हात ठेवतात, 'कवा निघालासा?' विचारतात, संपलं.

तर लेक बिलगली आणि आण्णांचे हात आपसूक तिच्या पाठीमागे गेले. मी डिकीतून बॅगा काढत होतो म्हणून मला ती बाजू दिसली. तळव्यावर तळवा बसला, अंगठे बाजूला चिकटले, कोपरं बरगडीला लागली, गुडघे जरासे वाकले आणि पोरगी जमिनीपासून वीतभर वर. मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं असावं. अलगद खाली ठेवली, 'वजन वाढलंय की' म्हणाले आणि आत निघून गेले. लेक खूश. मी मात्र बॅग हातात धरून उभा.

आण्णा पैलवान होते. फार मोठे नव्हेत, जत्रेतल्या पाच-दहा नंबरच्या कुस्त्या करणारे, पण कान अजून मोडलेले आहेत. त्यांनी मला कधी मिठी मारल्याचं आठवत नाही. मीही दोन वर्षं तालमीत काढली. तेव्हा वस्तादांच्या सांगण्यावरून ते मला डाव दाखवायचे, त्यात अंगाला अंग लागलं तेवढंच. नववीत अभ्यासाचं निमित्त करून मी तालीम सोडली. त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच मला जास्त लागलं होतं.

माझे प्रश्न दोन. इंग्रजीत ज्याला 'बेअर हग' म्हणतात, तो आपल्या कुस्तीत डाव म्हणून आहे का, आणि त्याला तालमीत काय म्हणतात? दुसरा असा की तुमचे वडील तुम्हाला मिठी मारतात का? (दुसऱ्याचं उत्तर नाही दिलं तरी चालेल.)

तिरकस

दुसऱ्याचं उत्तर: माझ्या वडिलांनी मला एकदाच घट्ट धरलं होतं. हातात दहावीचा निकाल होता आणि मी पळू नये हा हेतू होता.

पहिल्याबद्दल माझ्या धंद्यातली माहिती. कंपन्या विकत घेण्याच्या व्यवहारात बेअर हग म्हणजे बाजारभावापेक्षा इतकी जास्त किंमत देऊ करायची की समोरच्या संचालकांना भागधारकांसमोर 'नको' म्हणणंच अवघड व्हावं. प्रेमाने गळा दाबणे.

तांबडी माती

भावा, तुझ्या आण्णांनी घातली ती कव. समोरची कंबरपकड. अस्वल-बिस्वल आमच्यात न्हाई. मी गंगावेस तालमीत सहा वर्षं काढल्यात, वस्ताद सरळ 'कव घाल' म्हणायचं नायतर 'कंबर धर'.

आता नीट सांगतो, कारण टीव्हीवर बघून लोकांचा लई गैरसमज हाय. नुसत्या मिठीनं कुस्ती हुत न्हाई. मिठी हे दार. आत शिरलास, आता पुढं काय करणार त्यावर कुस्ती. कव घालून उचलायचा, नायतर बाहेरली टांग लावून मागं पाडायचा, नायतर एका अंगाला फिरवून आपटायचा. पाठ लागली तर निकाल. नुसता आवळून उभा ऱ्हायलास तर तुझंच हात भरून येत्यात आन् समोरचा दम घेतोय निवांत.

कव कुठं घालायची त्यालाबी महत्त्व. वर खांद्याच्या पात्यावर घातलीस तर काय उपयोग न्हाई, ती लग्नातली गळाभेट. खाली, माकडहाडाच्या जरा वर. तिथं हात ओढायचं आन् छाती पुढं रेटायची. कंबर आत आली, छाती मागं गेली की कसलाबी गडी वाकतोय. बोटात बोटं कधीच अडकवायची न्हाईत, झटक्यात मोडत्यात. तळव्याला तळवा. तुझ्या आण्णांनी अंगठं बाजूला ठेवलं म्हंतोस, म्हंजे चांगल्या वस्तादाच्या हाताखालचं हाईत.

आन् सगळ्यात मोठं म्हंजे समोरच्याचं हात आत हाईत का भाईर. कवंत त्याचं दंडबी आलं तर तो बांधला गेला. हात भाईर ऱ्हायलं तर त्याला सुटायच्या चार वाटा. हनवटीला तळवा लावून ढकलायचं, कंबर मागं काढायची, कोपर मधी सारायचं, नायतर वरनं दंडाला दंड घालून उलटा डाव करायचा. हात मोकळं असून जो सुटला न्हाई, त्यो एक तर दमलाय, न्हाईतर कुस्ती नुरा हाय, म्हंजे आदीच ठरवून केलेली.

शब्दवेल्हाळ

वा, 'कव' ऐकून बरं वाटलं. हा शब्द शहरात आता 'कवेत घेणे' एवढ्यातच उरला आहे. कव म्हणजे दोन हात पसरून जेवढं मावेल तेवढं. शेतात अजूनही कवभर गवत म्हणतात, झाडाचा बुंधा एका कवेत येतो की दोन लागतात असं मोजतात. म्हणजे मूळ शब्द मापाचा, त्यात प्रेमही नाही आणि वैरही नाही.

इंग्रजांनी मिठीला अस्वल दिलं तसं मराठीने मगर दिली. 'मगरमिठी' आपण सुटका नसलेल्या पकडीसाठी वापरतो, सावकाराची मगरमिठी वगैरे. वर्तमानपत्रांत हल्ली 'अस्वलमिठी' दिसते, पण तो नवा माल.

मात्र अस्वलाचा आणि कुस्तीचा आपल्याकडे फार जुना संबंध आहे, तोही इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून. मल्लविद्येचे चार प्रकार सांगतात: भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. भीमसेनी ताकदीची, हनुमंती डावपेचांची, जरासंधी हातपाय मोडण्यावर बेतलेली, आणि जांबुवंती म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकडीत असं जखडायचं की तो हलूच नये. आणि जांबुवंत कोण? अस्वलांचा राजा! मग बेअर हगला मराठी प्रतिशब्द शोधायचाच कशाला, 'जांबुवंती' म्हणा की.

स्यमंतक मण्यासाठी कृष्ण आणि जांबुवंत गुहेत २८ दिवस झुंजले असं भागवतात आहे. शेवटी जांबुवंताने ओळखलं की हा साधा गडी नाही. मणी दिला, वर मुलगीही दिली. झुंजीतून सोयरीक. (भागवतात ते मुठींनी लढले असं आहे, त्यामुळे तिथे मिठी होतीच असा माझा दावा नाही. कुणीतरी येऊन चूक काढायच्या आत मीच काढून ठेवतो.)

काजवा

चूक काढायला मी आलोच, पण दुसरी.

अस्वल मिठी मारत नाही. मगरही मारत नाही. मगर चावा घेऊन धरते आणि पाण्यात स्वतःभोवती गिरक्या घेते. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं आणि पुढचे पाय पसरतं, त्यामुळे लांबून 'ये रे बाळा' म्हणतंय असं वाटतं. प्रत्यक्षात पंजा मारतं आणि चावतं. आपल्याकडचं अस्वल वारुळं उकरून वाळवी खाणारं, त्यामुळे नख्या लांबलचक. जंगलात अचानक समोरासमोर आलं तर माणसाच्या डोक्यावर आणि चेहऱ्यावरच हल्ला करतं. कोल्हापूरकरांना राधानगरी-दाजीपूर म्हटलं की गवा आठवतो, पण त्या रानात अस्वलंही आहेत. कुणी भेटायला जाऊ नये.

खरी आवळून मारणारी मिठी एकाचीच, अजगराची. तोही श्वास कोंडून मारतो असं आपण शिकलो, पण अजगराच्या जातकुळीतल्या बोआवर २०१५ साली प्रयोग झाले, त्यात वेटोळ्यांमुळे सावजाचा रक्तप्रवाहच थांबतो असं दिसलं.

माझी आजी सांगायची, अस्वल गुदगुल्या करून मारतं. मला लहानपणी हे फार भयंकर वाटायचं. म्हणजे माणूस हसत हसत मरणार!

तिरकस

अस्वल मिठी मारत नाही, मगर मिठी मारत नाही. मिठी नदीचं तर बोलायलाच नको. शब्दवेल्हाळ, तुमच्या भाषेला प्राणिसंग्रहालयात न्या एकदा.

आक्कासाहेब

तिरकस, तुला एक धपाटा.

पंचगंगाकाठ, तुझं वाचून माझे वडील आठवले. आम्ही कागलकडचे. दरवेशी अस्वल घेऊन यायचा, बंदी यायच्या आधीची गोष्ट. अस्वलाला उभं करून गड्याशी झटापट करायला लावायचा आणि शेवटी केसाचा ताईत विकायचा. वडिलांनी एकदा ते बघितलं आणि दरवेश्याला दोन रुपये देऊन म्हणाले, 'त्याला पाणी पाज आदी.' तेवढी माया बाहेर दिसायची, ती अस्वलावर. आम्ही सहा भावंडं रांगेत उभी.

पण हेच वडील आषाढीला पंढरपूरला गेले की गरुडखांबाला मिठी मारून उभे राहायचे. मागची माणसं ढकलायला लागली तरी सोडायचे नाहीत. वाटेतही वारकरी भेटला की आधी एकमेकांच्या पाया आणि मग उराउरी भेट. दिंडीत कधी न बघितलेल्या माणसाला कडकडून भेटणारा बाप घरी आला की खुंटीला टोपी लावून गप्प. मी लग्न होऊन निघाले तेव्हा आईच्या गळ्यात पडून रडले. वडील मंडपाच्या खांबाला धरून उभे होते. आता तुझा धागा वाचताना वाटतंय, त्यांना खांबच जमत होते की काय.

माझी आजी मात्र टीव्हीवर कुस्ती बघताना म्हणायची, 'आगं किती येळ भेटत्यात, सोडवा की त्यास्नी.'

शब्दवेल्हाळ

आक्का, 'उराउरी' हा शब्द फार सुंदर आठवण करून दिलात. संतांच्या भाषेत मिठीला 'क्षेम' आणि 'खेव' हे दोन्ही शब्द येतात. म्हणजे खुशाली विचारणं आणि आलिंगन देणं एकच. 'कवा निघालासा' हेही क्षेमच की, पंचगंगाकाठ.

आणि दुसऱ्या टोकाला धृतराष्ट्र. युद्ध संपल्यावर भीमाला भेटायला बोलावतो, कृष्ण भीमाऐवजी लोखंडी पुतळा पुढे सरकवतो आणि आंधळा म्हातारा तो पुतळा छातीशी धरून चुरा करतो. मग 'हाय, मी भीमाला मारलं' म्हणून रडतोही. ते रडणं खोटं होतं असं महाभारत म्हणत नाही. मला तो प्रसंग म्हणूनच भीतीदायक वाटतो.

कट्ट्यावरचा

धृतराष्ट्र झाला, आता अफझलखान येऊ द्या. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड. इतिहासातली सगळ्यात प्रसिद्ध मिठी आणि ती धाग्यात नाही म्हणजे काय!

तांबडी माती

येऊ दे की. पण ती कव न्हवं. खानानं महाराजांची मान डाव्या काखंत दाबली, म्हंजे मानंची पकड. भेटायच्या निमित्तानं आत घेतलं एवढीच मिठी. महाराजांचं हात मोकळं ऱ्हायलं, तिथंच खान चुकला. मी वर काय सांगितलं? आत हाईत का भाईर, ते आदी बगा.

सातासमुद्रापार

कोल्हापूर सोडून २२ वर्षं झाली, पण न्यू पॅलेसच्या बाजूचा माणूस आहे. इथे अमेरिकेत माझा मुलगा शाळेच्या संघातून कुस्ती खेळतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं बघितलंय.

इथल्या शालेय कुस्तीत एक नियम मला पहिल्यांदा फार हास्यास्पद वाटला. खाली मॅटवर प्रतिस्पर्ध्यावर ताबा घेतला असेल तर त्याच्या धडाभोवती हात एकमेकांत अडकवायचे नाहीत. अडकवले की समोरच्याला गुण. उभ्याने मात्र चालतं. म्हणजे मिठी उभ्यानेच, झोपून नाही. माझ्या बायकोने यावर जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पाश्चात्त्य कुस्तीत ही पकड ज्याच्या नावाशी जोडली गेली तो जॉर्ज हॅकनश्मिट, 'रशियन सिंह'. जन्म आजच्या एस्टोनियातला, १८७७ चा. १९०४ मध्ये लंडनच्या ऑलिम्पियात मद्राली नावाच्या आडदांड तुर्की मल्लाशी त्याची कुस्ती लागली. हॅकनश्मिटने पहिल्याच मिनिटात त्याला कमरेला धरून उचलला आणि आपटला. मद्रालीचा हात निखळला, कुस्ती तिथेच संपली. सिंहाने घातलेली अस्वलमिठी. प्राण्यांचा घोळ तिकडेही आहेच, काजवा.

पण मला सांगायचं आहे ते करेलिनचं. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही, पायाचा डाव टाकायचा नाही. त्यामुळे जे काही आहे ते छाती, दंड आणि कव. त्या प्रकारातला अलेक्झांडर करेलिन हा बापमाणूस. १९८८, १९९२, १९९६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं. पालथ्या पडलेल्या १३० किलोच्या गड्याला उलट्या बाजूने कमरेला धरून पोत्यासारखा उचलायचा आणि डोक्यावरून मागे टाकायचा. काही जण उचललं जाण्याच्या भीतीने आपणच पाठ टेकायचे.

२००० साल, सिडनी, अंतिम कुस्ती. समोर अमेरिकेचा रुलॉन गार्डनर, वायोमिंगच्या गोठ्यात वाढलेला, फारसं कुणी नाव न ऐकलेला. पहिला भाग ०-०. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला दोघांना छातीला छाती लावून एकमेकांना कव घालून उभं करायचे. ज्याची पकड आधी सुटेल त्याच्याविरुद्ध एक गुण. आणि करेलिनचे हात सुटले. किती? क्षणभर. पंचांनी चित्रीकरण बघून गुण दिला. १-०. तेरा वर्षं आंतरराष्ट्रीय कुस्ती न हरलेला माणूस मिठी क्षणभर सैल झाली म्हणून हरला.

मी ती कुस्ती कितीदा बघितली असेल. प्रत्येक वेळी वाटतं या वेळी नाही सुटणार.

तांबडी माती

ही मला म्हाईत न्हवती. हातावर घाम आला आसंल. मॅटवर हीच अडचण. आमच्या हौदात, म्हंजे कुस्तीच्या आखाड्यात, हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालून मुरवलेली माती. घामानं अंग निसटाय लागलं की वाकून मूठभर उचलायची, त्याच्या पाठीवर टाकायची आन् मग धरायचं. जिथं धरायचं तिथं आपणच माती लावायची. करेलिनला मूठभर माती मिळाली असती तर चार सोनी झाली असती.

मॅटवाली

दादा, माती-मॅट भांडण नको, त्या वादाने आमच्या तालुक्यातल्या पोरींची दोन वर्षं खाल्लीत.

मी कोल्हापूर जिल्ह्यातच मुलींना कुस्ती शिकवते. त्यांना कव शिकवताना येणारी अडचण कुणी पुस्तकात लिहिणार नाही म्हणून इथे लिहिते. नवीन पोरगी आली की ती कंबर मागे ठेवून मिठी मारते. पुढून हात, मागे अंतर. आपण सगळेच तशी मारतो, लग्नकार्यात बघा, दोन माणसं तंबूच्या दोन काठ्यांसारखी वर टेकलेली आणि खाली हातभर फट. पहिले पंधरा दिवस माझे ती फट बुजवण्यात जातात. 'जवळ जा. अजून जवळ. ती तुला खात नाही.' एकदा कंबर कमरेला लागली आणि समोरचीचं वजन कुठल्या पायावर आहे ते पोटाला कळायला लागलं की मग पोरगी पैलवान होते. डोळ्यांनी कुस्ती होत नाही, पकडीत आल्यावर डोळे मिटून चालतं.

दुसरं, पाठीवर थोपटणं. प्रेमाच्या मिठीत आपण पाठीवर तीनदा थोपटतो ना, ते खरं तर 'पुरे, सोड आता' असतं. जुजुत्सूवाल्यांकडे थोपटलं की हार मानली. माझ्या एका शिष्येला तिच्या मामाने बक्षीस समारंभात मिठी मारून थोपटलं तर तिने पटकन सोडून हात वर केला. सगळा मंडप हसला.

ज्युदोत तर २०१३ पासून कपड्याची रीतसर पकड न घेता थेट कव घालून फेकायला गेलात तर दंड आहे. ग्रीको-रोमन ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी नाहीच. म्हणजे शुद्ध मिठीची कुस्ती फक्त पुरुषांना! बाकी आमचं ठीक चाललंय, २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीचीच प्रतीक्षा बागडी. तेव्हापासून वर्गात पोरी वाढल्यात. आधी आया आणून सोडायच्या, आता बाप येऊन बसतात.

कट्ट्यावरचा

सुमोत पण आहे म्हणे?

सातासमुद्रापार

आहे. 'साबाओरी'. दोन्ही हातांनी कंबरपट्टा धरून समोरच्याला स्वतःकडे ओढायचं आणि वरून अंगाचं वजन टाकून गुडघे टेकायला लावायचे. साबा म्हणजे बांगडा. डावाचं नाव 'बांगडा मोडणे'.

तिरकस

तळून की रश्शात?

हाडवैद्य

इचलकरंजीत फिजिओथेरपीचा दवाखाना आहे, थोडं धंद्याचं बोलतो.

कव आवळल्यावर दम का कोंडतो? श्वास घेताना बरगड्या फाकतात आणि छाती-पोटामधला पडदा खाली जातो. बरगड्यांना बाहेर जायला जागाच नसेल तर हवा आत येणार कुठून. पकडणारा हुशार असेल तर समोरचा श्वास सोडेपर्यंत थांबतो आणि तेव्हाच एक बोट आवळतो. कमरेच्या मणक्यांवर मागे वाकवणारा ताण येतो तो वेगळाच. म्हणून घरच्या मंडळींना विनंती: वाढदिवसाला सासूबाईंना उचलू नका. हाडं ठिसूळ झालेल्या वयात प्रेमाच्या मिठीनेही बरगडीला तडा गेलेले पेशंट मी बघितलेत. (बरगडीला प्लास्टर घालता येत नाही. हसलं तरी दुखतं, आणि ही हकीकत ऐकून प्रत्येक जण हसतो.)

जाता जाता, आण्णा ६९ व्या वर्षी गुडघे वाकवून वजन उचलतात, कंबर वाकवून नाही, हे वाचून आनंद झाला. माझे चाळिशीतले पेशंट गॅस सिलिंडर कसा उचलतात ते बघायला या.

पत्तेबहाद्दर

आम्ही नव्वदच्या दशकातली पोरं. आमची कुस्ती म्हणजे केबल आणि डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते, छाती अमुक इंच, वजन तमुक पौंड. त्यात बेअर हग म्हणजे अगडबंब गडी समोरच्याला धरून दोन मिनिटं उभा, पंच हात उचलून बघतोय, दोनदा पडतो, तिसऱ्यांदा थरथरत वर राहतो. थोडं मोठं झाल्यावर कळलं की ती दोघांची दम खायची जागा असते. मिठीत दोघं पुढचं ठरवत असतात म्हणे.

ते कळलं तेव्हा फसवणूक वाटली होती. आता चाळिशीत वाटतं, बरंय की.

खासबागवेडा

धागा कोल्हापूरचा आणि खासबागचं कुस्ती मैदान आलं नाही, हे काही बरोबर नाही. शाहू महाराज १९०२ ला इंग्लंडला तिथल्या राजाच्या राज्यारोहणाला गेले, परतीच्या युरोपवारीत रोमचं जुनं रिंगण बघितलं आणि इथे १९१२ ला मैदान उभं राहिलं. मधे हौद, भोवती चढत जाणारी माती, कुठेही बसा, समोरच्याचं डोकं आड येत नाही. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून आत गेलो होतो. सगळ्यात वरच्या टप्प्यावर जागा मिळाली. तिथून दोन पैलवान म्हणजे दोन चिंचोके. हलगी वाजतेय, लोक ओरडतायत, आणि ते चिंचोके एकमेकांना चिकटून गप्प उभे. मी विचारलं, 'ते काय करालेत?' वडील म्हणाले, 'मापं काढालेत.' शब्दवेल्हाळ म्हणतात तो मापाचा शब्द वाचून हे आठवलं.

आणि एक. जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरी, पुण्यात बालेवाडीला. अंतिम फेरीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही काका पवारांच्याच तालमीतले. एकाच हौदात रोज एकमेकांना धरणारे. सदगीर जिंकला आणि त्याने हरलेल्या शेळकेलाच खांद्यावर घेतलं. जिंकलेल्याला लोक खांद्यावर घेतात, हे उलटंच. तो फोटो माझ्या दुकानात लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, 'ह्यातला जिंकलेला कुठला, वरचा न्हवं?'

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आक्का, तुमचा खांब मला दोन दिवस पुरला.

शनिवारी परत कोल्हापूरला जाऊन आलो, या वेळी एकटाच. रात्री जेवणं झाल्यावर हा धागा आण्णांना मोबाईलवर वाचून दाखवला. माझा पहिला भाग गाळला, तुमचे प्रतिसाद वाचले. 'तळव्याला तळवा' इथे मान हलवली. करेलिनची गोष्ट दोनदा वाचायला लावली आणि म्हणाले, 'तेरा वर्षं? मग त्याला आवळायची सवयच ऱ्हायली नसंल. आदीच पडत हुती की सगळी.' मातीबद्दल तांबडी माती यांचं म्हणणं एकदम मान्य. हाडवैद्यांना नमस्कार सांगितलाय. जांबुवंती वगैरेवर म्हणाले, 'आमाला कुणी नावं सांगितली न्हाईत, डाव सांगितलं.'

मग मी म्हटलं, आण्णा, दाखवा की एकदा.

'आता?'

'आता.'

ते उठले, लुंगी खोचली. आई आतून म्हणाली, 'आवो, गुडघा.' तिकडे लक्ष नाही. मला सोप्यात समोर उभं केलं, माझे पाय त्यांच्या पायाने सरकवून नीट लावले, जसे तालमीत लावायचे तसेच, आणि आत शिरले. मॅटवाली म्हणतात ती फट अजिबात नव्हती. कान माझ्या गळ्याला लागला, तो मोडलेला, खडबडीत. तेल आणि तंबाखूचा वास. हात मागे बसले ते कळलं, आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. मी ७८ किलोचा आहे.

'सूट आता,' म्हणाले.

मी प्रयत्न केला. नाही सुटलो. मग त्यांनी मला खाली टेकवलं, पण हात तसेच. किती वेळ ते सांगता येणार नाही, आईने चहा ओतून गार केला एवढं खरं. शेवटी मीच त्यांच्या पाठीवर थोपटलं, मॅटवालींचा प्रतिसाद वाचलेला असूनही.

तांबडी माती

ते समदं ऱ्हाऊ दे. कव घातली तवा तुजं हात आत हुतं का भाईर?

पंचगंगाकाठ

बाहेर. दोन्ही.

तांबडी माती

मग नुरा झाली की रं.